जुन्या जीपची जुळवाजुळव

कोल्हापूर भागात पुनरुज्जीवनासाठी हाती येणाऱ्या जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांत जीपचा मान पहिला, आणि या जीप मुख्यतः दोन घराण्यांच्या. पहिले घराणे युद्धकालीन. अमेरिकेत विलिज-ओव्हरलँड आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी १९४१ ते १९४५ या काळात एकाच आराखड्यावर सुमारे ६ लाख ४० हजार जीप बनवल्या. युद्ध संपल्यावर भारताच्या पूर्वेकडील आघाडीवरचा शिल्लक लष्करी माल इथे विक्रीला निघाला आणि त्यातल्या अनेक जीप खासगी हातांत गेल्या. दुसरे घराणे महिंद्राचे. २ ऑक्टोबर १९४५ रोजी ‘महिंद्रा अँड महंमद’ म्हणून सुरू झालेल्या आणि १९४८मध्ये नाव बदललेल्या या कंपनीने मुंबईत माझगावला विलिज जीपची जोडणी सुरू केली. तिची उंच बोनेटची सीजे-३बी पुढे कित्येक दशके देशात बनत राहिली. दोन्ही गाड्या दुरून सख्ख्या बहिणी वाटतात, पण आतल्या सामानात पुष्कळ फरक आहे. म्हणून पुनरुज्जीवनाची पहिली पायरी गाडीची ओळख पटवणे हीच असते. पान्याला हात त्यानंतर लावायचा.

ओळखीच्या खुणा पोलादातच असतात. चासीचा पुढचा आडवा दांडा गोल नळीचा असेल तर चासी विलिजची, उलट्या पन्हळीच्या आकाराचा असेल तर फोर्डची. फोर्डने आपल्या बनावटीच्या बोल्टांवर आणि कंसांवरही इंग्रजी ‘एफ’ अक्षर उठवले होते, त्यामुळे गंजलेला बोल्टसुद्धा साक्षीला उभा राहतो. युद्धकालीन जीपच्या पत्र्याच्या जाळीत ९ फटी असतात, नागरी सीजे मालिकेत ७. विलिजच्या अगदी सुरुवातीच्या जीपना मात्र वेल्ड केलेल्या पट्ट्यांची जाळी होती. इंजिन ब्लॉकवरचा क्रमांक आणि चासीवरचा क्रमांक कागदावरच्या नोंदींशी ताडून पाहावा लागतो. ही ताडणी रंगकाम झाल्यावर आठवते, तेव्हा उशीर झालेला असतो.

दक्षिण महाराष्ट्रातल्या जीपचे आयुष्य कष्टाचे गेले. शेती, साखर कारखान्यांची कामे, निवडणुकांचा प्रचार आणि वडाप, म्हणजे खासगी प्रवासी वाहतूक, या सगळ्यांत ती राबली. पेट्रोल परवडेना तेव्हा इंजिन उतरवून डिझेल बसवले गेले. माणसे जास्त बसावीत म्हणून चासी कापून लांब केली गेली, आणि मूळ डावीकडे असलेले स्टिअरिंग उजवीकडे आले. त्या काळच्या मालकाची गरज खरी होती, त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. आज मात्र गंजापेक्षा हे बदलच उलगडायला अवघड जातात. गंजलेला भाग निदान जागेवर असतो. कापून टाकलेला माउंटिंगचा कंस कुठे होता, हे दुसऱ्या मूळ चासीवरून मापे घेतल्याशिवाय कळत नाही.

गंजाच्या जागा ठरलेल्या आहेत. युद्धकालीन जीपच्या टबखाली, म्हणजे उघड्या बॉडीच्या तळाला, टोपीच्या आकाराच्या पन्हळी असून त्यांत लाकडी पट्ट्या बसवलेल्या होत्या. लाकूड पाणी धरून ठेवते आणि पत्रा आतून खाल्ला जातो. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली एका खोलगट कप्प्यात बसते. त्या कप्प्यात चिखल साठला की टाकी आणि तळ दोन्ही जातात. मागच्या चाकांवरच्या हत्यारांच्या पेट्यांची गतही तीच. गगनबावडा, राधानगरी, आंबा या पट्ट्यातला पाऊस सोसलेली गाडी वरून बरी दिसली तरी तळाला पेचकस टोचून पाहिलाच पाहिजे. पंचगंगेच्या २००५, २०१९ आणि २०२१च्या महापुरांत बुडालेल्या गाड्यांचा प्रश्न आणखी निराळा. पुराचे पाणी हवा जाण्याच्या छिद्रांतून आणि झिजलेल्या सीलांतून ॲक्सलच्या हौसिंगमध्ये आणि गिअर बॉक्समध्ये शिरते. काढलेले ऑइल दुधाळ दिसले, तर प्रत्येक बेअरिंग उघडून पाहण्याला पर्याय नाही.

ओतकाम करणाऱ्या कारखान्यांत शॉट ब्लास्टिंगची यंत्रे असतात, त्यामुळे चासी साफ करणे कोल्हापुरात सोपे आहे. तीच यंत्रे टबच्या पत्र्यावर चालवली तर पातळ पत्रा ताणला जाऊन लाटा उमटतात. पत्र्यासाठी कमी दाबाचे ब्लास्टिंग किंवा रसायनाने गंज काढणे बरे, आणि साफ झालेल्या पत्र्यावर त्याच दिवशी प्रायमर चढलाच पाहिजे. कुजलेला भाग कापून तिथे नवा पत्रा जोडायचा असतो. लांबी भरून झाकलेला गंज दोन पावसाळ्यांत पुन्हा वर येतो. फिलिपीन्समध्ये युद्धकालीन जीपचे नवे टब बनतात आणि जगभर जातात. पण मूळ टबचा निम्माअधिक पत्रा शाबूत असेल, तर तो वाचवणे केव्हाही श्रेयस्कर. चांगले पत्राकाम करणाऱ्या मेस्त्रीला सपाट फेंडरच्या या गाडीत हातोडी आणि वाकवण्याच्या यंत्राने न होणारे फार थोडे काम उरते.

या शहराचे खरे बळ इंजिनाच्या कामात दिसते. गुऱ्हाळांचे चरक आणि विहिरींवरची ऑइल इंजिने यांच्या बांधणी-दुरुस्तीतून इथली कारखानदारी वाढली. शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव इथे बीड ओतणारे, बोअर मारणारे, क्रँक ग्राइंड करणारे हात आजही आहेत. युद्धकालीन जीपचे ‘गो डेव्हिल’ हे साइड-व्हॉल्व्ह इंजिन २,१९९ सीसीचे, ६० अश्वशक्तीचे, १-३-४-२ या क्रमाने पेटणारे. रचना साधी असल्याने हे काम या हातांच्या आवाक्यातले आहे. बोअर मारून मारून वाव संपला असेल तर स्लीव्ह घालून सिलिंडर मूळ मापावर आणता येतो. तडा गेलेला ब्लॉकही लगेच भंगारात टाकू नये. बीड सावकाश तापवून निकेलच्या कांडीने केलेले वेल्डिंग किंवा तड्यावर एकापुढे एक पेच बसवून केलेली थंड शिवण, यांनी अनेक ब्लॉक वाचतात.

न मिळणारा भाग ओतून घेण्याची सोय इथे आहे, पण त्यात एक फसगत दडलेली असते. जुनाच भाग पॅटर्न म्हणून वाळूत दाबला तर नवा भाग लहान निघतो, कारण ओतलेले बीड थंड होताना लांबीत सुमारे १ टक्का आकसते. जुन्या भागाची झीजही नव्यात उतरते आणि यंत्रकामासाठी लागणारी जादा जाडी मिळत नाही. म्हणून मोजमाप करून, आकसण्याची आणि यंत्रकामाची सूट धरून वेगळा पॅटर्न करावा लागतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, पाण्याच्या पंपाचा सांगाडा, थर्मोस्टॅटचे झाकण असे भाग या रीतीने उत्तम होतात. गिअरची गोष्ट वेगळी. दातांना मिश्र पोलाद, नेमका आकार आणि कार्बन देऊन केलेली कठीण कातडी लागते. नुसत्या लेथ-मिलिंगवर कापलेला गिअर काही काळ चालतो, मग तुटतो आणि शेजारचे चांगले गिअरही घेऊन जातो. क्राऊन-पिनियन आणि गिअर बॉक्सचे गिअर शोधूनच आणावेत.

शोधताना मापांची जाण नसेल तर पैसा वाया जातो. युद्धकालीन जीपचा टी-८४ गिअर बॉक्स भारतात दुर्मीळ, तर नागरी जीपचा टी-९० महिंद्रामुळे मुबलक. दोन्हींच्या मागे एकाच जातीचा, मॉडेल १८चा ट्रान्सफर केस असतो, पण त्याच्या मधल्या शाफ्टची जाडी काळानुसार पाऊण इंच, एक पूर्णांक एक अष्टमांश इंच आणि पुढे सव्वा इंच अशी बदलत गेली. गिअर, बेअरिंग आणि शाफ्ट एकाच पिढीचे हवेत. ॲक्सलचे गुणोत्तर तर त्याहून महत्त्वाचे. युद्धकालीन जीपचे ४.८८, जुन्या सीजेचे ५.३८. पुढे एक आणि मागे दुसरे बसले तर टू-व्हीलमध्ये गाडी बिनतक्रार चालते. फोर-व्हील लावताच पुढची-मागची चाके १० टक्के वेगळ्या गतीने फिरू पाहतात, आणि कोरड्या रस्त्यावर ट्रान्सफर केस किंवा ॲक्सल मोडतो. जुळवून उभ्या केलेल्या गाडीत ही तपासणी कधीही वगळू नये. प्रोपेलर शाफ्टला खूण करून चाकाच्या एका फेऱ्यात त्याचे किती फेरे होतात, हे मोजले की पुरते.

माल मिळण्याची ठिकाणे माहीतगारांना पाठ असतात. पुण्यात नाना पेठेतली सुट्या भागांची दुकाने आणि जुना बाजार, मुंबईत ऑपेरा हाऊसचा परिसर, दिल्लीत काश्मिरी गेट आणि मायापुरी, हरियाणात जीप बांधणीसाठी नावाजलेले मंडी डबवाली. सैन्यातून निवृत्त झालेली वाहने एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावात निघतात. ऑइल सील आणि बेअरिंगसाठी मात्र ‘जीपचे द्या’ असे म्हणण्यापेक्षा आतला-बाहेरचा व्यास आणि जाडी सांगितली तर साध्या औद्योगिक दुकानातही काम होते. नट-बोल्ट अमेरिकी आट्यांचे असतात. त्यांत मेट्रिक बोल्ट जबरदस्तीने पिळला की मूळ ब्लॉकचा आटा कायमचा जातो. ब्रेकचे रबर, होस आणि विजेच्या तारा जुन्या किंवा वापरलेल्या घेऊ नयेत. मूळच्या ६ व्होल्ट व्यवस्थेला जाड तारा आणि स्वच्छ अर्थ लागतो. अनेकांची ‘सहा व्होल्टवर स्टार्टर ओढत नाही’ ही तक्रार एवढ्यानेच मिटते.

कोल्हापूरला जुन्या गाडीचा आदर नवा नाही. छत्रपती राजाराम महाराजांसाठी घडवलेली मेबॅक दरवर्षी दसरा चौकात येते, तेव्हा तिच्याभोवती गर्दी होते. ती टिकली, कारण तिची निगा कधी तुटली नाही आणि तिच्यावर कोणी सोयीचे बदल केले नाहीत. कष्टकरी जीपच्या वाट्याला ते भाग्य आले नाही.

कायदाही आता मूळपणालाच महत्त्व देतो. केंद्राने जुलै २०२१मध्ये केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. मात्र चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षे, पुनर्नोंदणीला ५ हजार. क्रमांकात ‘व्ही.ए.’ ही अक्षरे येतात. आधीच नोंदणी असलेल्या गाडीला मूळ क्रमांक ठेवता येतो. अशी गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. डिझेल बसवलेली, चासी लांबवलेली जीप या व्याख्येत बसणे कठीण. म्हणून ज्यांच्या शेडमध्ये, गोठ्याच्या मागे जुने पेट्रोल इंजिन किंवा उतरवून ठेवलेला गिअर बॉक्स पडला असेल, त्यांनी तो किलोच्या भावाने देऊ नये. आधी त्यावरचा क्रमांक घासून वाचावा, जुने नोंदणी पुस्तक शोधावे आणि मगच निर्णय घ्यावा.