लांब केस आणि कात्री : किती कापावे, केव्हा कापावे

शाळेत असेपर्यंत मुलांच्या केसांचा प्रश्न सोपा असतो. केस कॉलरला टेकले की वर्गशिक्षक टोकतात आणि येत्या रविवारी सलूनची वारी होते. बारावी झाली की हा नियम मागे पडतो. मग कोणी इथेच बडोद्यात ललित कला विभागात चित्रकला शिकू लागतो, कोणी तबला किंवा गिटार मनावर घेतो, कोणी कर्करुग्णांच्या टोपासाठी केस द्यायचे ठरवतो, आणि केस वाढू लागतात. घरात थोडी कुरबुर होते. बाबा म्हणतात, "कापून टाक ते जंगल." आजी म्हणते, "अरे, निदान महिन्याला टोके तरी कापत जा, म्हणजे भराभर वाढतील." मित्र म्हणतो, "कात्रीला हात लावलास तर संपलंच!"

यांतले कोणाचे खरे? थोडे आजीचे, थोडे मित्राचे, आणि पूर्ण कोणाचेच नाही. माजी विद्यार्थ्यांसाठी, आणि त्यांच्या पालकांसाठीही, हा विषय जरा नीट समजून घेऊ.

केस वाढतो कुठून?

आपल्याला दिसतो तो केस निर्जीव असतो. तो केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. आपली नखेही याच जातीच्या प्रथिनाची. केसाचा जिवंत भाग म्हणजे त्याचे मूळ, आणि ते त्वचेच्या आत असते. तिथे नव्या पेशी तयार होतात आणि आधी तयार झालेला केस बाहेर ढकलला जातो. म्हणजे रोप शेंड्याकडून वाढते तसा केस वाढत नाही. तो बुडातून वाढतो.

हे लक्षात घेतले की पहिला गैरसमज आपोआप दूर होतो. टोकाला कात्री लावली याची वार्ता मुळाला लागतच नाही. त्यामुळे कापल्याने केस भराभर वाढत नाहीत आणि दाटही होत नाहीत. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकी शास्त्रज्ञ महिलेने १९२८ साली दाढीच्या केसांवर याची पडताळणी प्रसिद्ध केली. वस्तरा फिरवल्याने केसांच्या वाढीत किंवा जाडीत फरक पडत नाही, असेच तिला दिसले.

मग बाळाचे जावळ काढल्यावर नवे केस राठ का लागतात? न कापलेल्या केसाचे टोक निमुळते असते. कापल्यावर ते बोथट होते, आणि बोथट टोके हाताला जाड लागतात. शिवाय बाळाचे मऊ केस वयानुसार बदलायचेच असतात. श्रेय मात्र वस्तऱ्याला मिळते.

वाढीचा वेग आणि मर्यादा

डोक्यावरचा केस सरासरी महिन्याला १ ते सव्वा सेंटीमीटर वाढतो. वर्षाला साधारण १५ सेंटीमीटर, म्हणजे सुमारे अर्धा फूट. हा वेग माणसागणिक थोडा कमीजास्त असतो, पण तेल, शाम्पू किंवा कात्री यांनी तो दुप्पट होत नाही.

प्रत्येक केसाला आयुष्यही असते. साधारण २ ते ६ वर्षे तो वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत वाढ थांबते, सुमारे तीन महिने तो नुसता बसून राहतो आणि गळतो. त्याच जागी नवा केस येतो. म्हणून रोज ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक आहे. लांब केस असलेल्या मुलाला बाथरूमच्या जाळीत पुंजका दिसला की तो घाबरतो. पण केस तेवढेच गळालेले असतात, फक्त लांब असल्याने ते जास्त दिसतात.

ज्याचा केस तीन वर्षे वाढतो, त्याची लांबी दीड फुटाच्या आसपास थांबणार. ज्याचा सहा वर्षे वाढतो, त्याचा केस कमरेपर्यंत जाऊ शकतो. हे बहुतांशी अनुवंशिकतेने ठरते.

कात्री न लावताही केस वाढतात याचा रोखठोक पुरावा शीख समाजात दिसतो. केश राखणे आणि कंगा बाळगणे ही पाच ककारांपैकी दोन चिन्हे. उत्तर प्रदेशातील ग्रेटर नोएडाचा सिदकदीप सिंग चहल याने जन्मापासून केस कापले नव्हते. २०२३ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याच्या १४६ सेंटीमीटर लांब केसांची गिनीज बुकात किशोरवयीन मुलांमधील विक्रम म्हणून नोंद झाली.

मग कापायचे तरी कशाला?

कारण टोके झिजतात. केसाच्या बाहेर कौलांसारखे एकावर एक बसलेले पापुद्रे असतात. ते आतल्या गाभ्याचे रक्षण करतात. केस दोन फूट लांब असेल, तर त्याचे टोक चार वर्षांपूर्वी डोक्यातून बाहेर आलेले असते. आठवड्यातून दोनदा न्हाणे धरले, तरी त्या टोकाने चारशेहून अधिक न्हाणी पाहिली. शिवाय कंगवा, ऊन, हेल्मेट, उशी आणि रबरबँड हे सगळे वेगळेच. हळूहळू पापुद्रे निघून जातात, गाभा उघडा पडतो आणि केसाला फाटे फुटतात.

एकदा फुटलेला फाटा परत जुळत नाही. जाहिराती काही म्हणोत, तेलाने किंवा सीरमने तो काही काळ चिकटल्यासारखा दिसतो एवढेच. फाटा तसाच राहिला तर तो वर सरकू शकतो, शेजारच्या केसात अडकतो, गुंता होतो, आणि गुंता सोडवताना केस मधेच तुटतो. त्याला उपाय एकच, फाटलेला भाग कापणे. आजीच्या सल्ल्यातले खरे ते इतकेच : कापल्याने वाढ होत नाही, पण झालेली वाढ टिकते.

कात्रीचा हिशेब

आता मुख्य मुद्दा. वर्षाची वाढ १५ सेंटीमीटर धरू आणि साधे अंकगणित करू.

दर दोन महिन्यांनी एक इंच, म्हणजे अडीच सेंटीमीटर कापले, तर वर्षात सहा वेळा मिळून १५ सेंटीमीटर जातात. शिल्लक शून्य! वर्षभर सलूनचे पैसे भरून केस जिथल्या तिथे.

दर दोन महिन्यांनी अर्धा इंच कापला, तर साडेसात सेंटीमीटर जातात आणि साडेसात उरतात. म्हणजे अर्धी वाढ हाती लागते.

दर चार महिन्यांनी अर्धा इंच कापला, तर पावणेचार सेंटीमीटर जातात आणि सव्वाअकरा उरतात.

दर सहा महिन्यांनी अर्धा इंच कापला, तर अडीच सेंटीमीटर जातात आणि साडेबारा उरतात.

"माझे केस खांद्यापुढे वाढतच नाहीत" असे म्हणणारे पुष्कळ जण पहिल्या किंवा दुसऱ्या गटातले असतात. केस वाढत असतात, पण तितकेच कापलेही जातात.

केसदान करू इच्छिणाऱ्यांनी हा हिशेब आवर्जून मांडावा. संस्थेप्रमाणे अटी वेगळ्या असतात, पण अनेक ठिकाणी साधारण १२ इंच, म्हणजे ३० सेंटीमीटर लांबीची शेपटी मागतात. डोक्यावर थोडे केस उरायलाही हवेत. एकूण ३७ ते ३८ सेंटीमीटर धरले, तर अगदी बारीक केसांपासून सुरुवात करून आणि कात्री न लावता अडीच वर्षे लागतात. सहा महिन्यांनी अर्धा इंच कापल्यास तीन वर्षे. दर दोन महिन्यांनी अर्धा इंच कापल्यास पाच वर्षे! चांगला संकल्प अर्ध्यावर सुटतो तो बहुधा याच ठिकाणी. केस द्यायच्या आधी त्या संस्थेचे नियम नीट विचारावेत. केस स्वच्छ व कोरडे असावेत, आधी रबरबँडने घट्ट बांधावेत आणि बांधलेल्या जागेच्या वर कापावेत. कापून जमिनीवर विखुरलेले केस उपयोगी पडत नाहीत.

मुलांची खास अडचण : पहिले वर्ष

मुली बहुधा एकसारख्या लांबीपासून सुरुवात करतात. मुलांचे तसे नसते. त्यांच्या मानेवरचे आणि कानामागचे केस बारीक, तर वरचे थोडे लांब असतात. सगळे केस सारख्याच वेगाने वाढले, तरी मानेवरचे केस आधीच खाली असल्याने तेच आधी लांब दिसतात. आठ-दहा महिन्यांत मागे शेपूट आणि समोर डोळ्यांत जाणाऱ्या बटा, असे बेंगरूळ रूप होते. बरेच जण इथेच हार मानतात.

यावर उपाय असा. पहिल्या वर्षी दर दोन-तीन महिन्यांनी फक्त मानेवरची कड साफ करून घ्यावी. डोक्याच्या वरच्या आणि समोरच्या केसांना हात लावू देऊ नये. ते हनुवटीपर्यंत आले की सगळे केस मागे बांधता येतात. तिथून पुढे मानेवरचे केसही वाढू द्यावेत आणि चार ते सहा महिन्यांनी टोके कापण्याचा क्रम धरावा.

न्हाव्याला काय सांगावे?

"थोडेसेच कापा" हे सांगणे सर्वांत धोक्याचे. तुमचे थोडेसे आणि त्यांचे थोडेसे यांत दोन इंचांचे अंतर असू शकते. पुरुषांच्या सलूनमध्ये रोजचे काम आखूड केस कापण्याचे. त्यांचा हात त्यालाच सरावलेला असतो, त्यात त्यांचा दोष नाही. म्हणून मापानेच सांगावे. बोटाचे एक पेर म्हणजे साधारण एक इंच. अर्धे पेर दाखवून, "एवढेच, आणि सरळ रेषेत" असे म्हणावे. "शेप देऊ का?" असे विचारले तर समजून घ्या. थरांमध्ये कापले की वरचे केस बरेच आखूड होतात आणि लांबी परत यायला वर्ष-दोन वर्षे जातात.

घरी कापायचे असल्यास केस कोरडे असू द्यावेत. ओला केस ताणला जातो, आणि वाळल्यावर कापल्यापेक्षा आखूड दिसतो. केस नीट विंचरून मानेपाशी एक आणि टोकाच्या थोडे वर एक असे दोन रबरबँड लावावेत. भावाला किंवा आईला खालच्या रबरबँडच्या खाली अर्धा इंच आडवे कापायला सांगावे. दुसरा प्रकार याहून सोपा. सकाळच्या उजेडात केसांची पातळ बट घेऊन तिला पीळ द्यावा. फाटे फुटलेली टोके पिळातून बाहेर उभी राहतात. तेवढीच, फाट्याच्या थोडे वर कापावीत. यात लांबी जवळपास जात नाही.

कात्री मात्र केसांचीच हवी, आणि धारदार हवी. कागद कापायच्या कात्रीने केस कापला जाण्याऐवजी चिरडला जातो आणि तिथे पुन्हा फाटा फुटतो.

कापण्याची गरज कमी कशी होईल?

केस मोठ्या दातांच्या फणीने विंचरावेत, आणि टोकांपासून सुरुवात करून वर जावे. मुळापासून ओढल्यास सगळा गुंता खाली जाऊन आवळतो. ओला केस कमकुवत असतो, म्हणून त्याला फार ओढू नये. टॉवेलने खसाखसा पुसण्यापेक्षा जुन्या मऊ धोतरात किंवा सुती पंच्यात गुंडाळून पाणी टिपावे. शाम्पू मुळांना लावावा, टोकांना त्याचा ओघळ पुरतो.

तेलाबद्दल आपल्या घरांतून जे सांगितले जाते, त्यात तथ्य आहे. मॅरिको या खोबरेल विकणाऱ्याच कंपनीच्या संशोधकांनी २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. खोबरेल तेल केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारा प्रथिनांचा नाश कमी करते, असे त्यात आढळले. खनिज तेलाने व सूर्यफुलाच्या तेलाने तसे झाले नाही. तेव्हा न्हाण्याआधी टोकांना खोबरेल लावणे चांगले. पण तेही झीज कमी करते, वाढ वाढवत नाही.

केस फार आवळून बांधू नयेत. सतत ओढ बसल्याने कपाळाजवळची केसांची रेषा मागे सरकू शकते. घट्ट अंबाडा बांधणाऱ्या शीख पुरुषांमध्ये डॉक्टरांनी हे नोंदवलेले आहे. सैल बांधावे, बांधायची जागा बदलत राहावी, आणि रात्री सैल वेणी घालून झोपावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे : प्रयोगशाळेत, वर्कशॉपमध्ये, फिरत्या यंत्राजवळ किंवा ज्योतीजवळ केस पूर्ण बांधून टोपीखाली घ्यावेत. इथे हौसेला सूट नाही.

कात्रीच्या हाती नसलेले

कपाळाच्या दोन्ही बाजूंनी किंवा टाळूवर केस विरळ होत असतील, तर त्याचे कारण मुळाशी असते. टोके कापून किंवा गोटा करून ते थांबत नाही. टायफॉइड, डेंग्यूसारख्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस पुष्कळ गळतात. ते बहुधा आपोआप भरून येतात. अशा वेळी घाबरून केस कापण्यापेक्षा आहाराकडे लक्ष द्यावे. गळणे थांबलेच नाही, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

पालकांना एक विनंती. मुलाने लांब केस ठेवावेत की नाही, हा प्रत्येक घराचा प्रश्न आहे. पण ते अस्वच्छ, गुंतलेले आणि फाटे फुटलेले दिसत असतील, तर "कापून टाक" म्हणण्याआधी एकदा अर्धा इंच कापून, तेल लावून, नीट विंचरून पाहावे. पुष्कळदा भांडण लांबीचे नसतेच, निगा न राखण्याचे असते. आणि मुलांनो, कॅलेंडरवर सहा महिन्यांनंतरच्या एका रविवारी खूण करून ठेवा. त्या दिवशी अर्धे पेर, त्याहून जास्त नाही. मधल्या काळात कात्री कपाटात राहू द्या.