आरोग्याचं ताट (भाग ९) : डिटॉक्सच्या आठवड्यात काय खावं?

मागच्या भागात आपण यकृतात साचणाऱ्या चरबीबद्दल बोललो. दिवाळीचा फराळ नुकताच संपलाय, त्यामुळे आता घरोघरी ‘जरा डिटॉक्स करू’ असे बेत ठरत असतील. बेत चांगला आहे. पण त्या आठवड्यात पोटात नक्की काय जाणार, यावर सगळं अवलंबून आहे, आणि नेमकी तिथेच मोठी गफलत होते.

शरीरातली घाण काढण्याचं काम कोणताही रस करत नाही. ते यकृत आणि मूत्रपिंडं करतात, दिवसरात्र. निरोगी माणसाची मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातलं दीड-दोन लिटरच लघवीवाटे बाहेर सोडतात. बाकीचं पाणी, क्षार, साखर पुन्हा रक्तात परत घेतात. दारू, औषधं, आतड्यांतून आलेला अमोनिया या सगळ्यांचं निर्धोक रूपांतर यकृत करतं, आणि त्यासाठी त्याला प्रथिनं आणि ब जीवनसत्त्वं लागतात. चार दिवस नुसत्या रसावर राहणं म्हणजे ज्याच्याकडून काम करून घ्यायचं, त्याचाच डबा काढून घेणं. म्हणून माझा आग्रह असा की डिटॉक्सच्या आठवड्यात अन्न कमी करायचं नाही, चांगलं निवडायचं.

आधी डिटॉक्स म्हणून प्यायल्या जाणाऱ्या दुधीच्या रसाबद्दल, कारण प्रश्न जिवाचा आहे. २०१० मध्ये दिल्लीत दुधीचा कडू रस प्यायल्यानं एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं तज्ज्ञांची समिती नेमली. तरीही २०१८ च्या जूनमध्ये आपल्या पुण्यातच एका महिलेचा असाच बळी गेला. दुधी, काकडी, दोडका या वेलींमध्ये कुकुर्बिटासिन नावाची कडू द्रव्यं असतात. एरवी ती नगण्य असतात, पण एखाद्या फळात फार वाढतात, आणि बाहेरून पाहून ते ओळखता येत नाही. कोवळा, हिरवागार, ताजा दुधीही विषारी निघू शकतो. शिजवल्यानं तो कडूपणा जात नाही. त्यावर ठरावीक उताराही नाही. उलट्या, पोटात कळा, जुलाब, उलटीत रक्त, रक्तदाब कोसळणं असा त्रास वेगानं वाढत जातो.

तेव्हा दुधी कापला की देठाकडची एक पातळ चकती जिभेला लावून पाहायची. किंचित जरी कडू लागली तरी तुकडा थुंकायचा आणि अख्खा दुधी फेकून द्यायचा. रस नाही, भाजीही नाही. अनेकजण दुधीच्या रसात कारलं, आवळा, पुदिना घालतात. कारल्याच्या कडूपणात दुधीचा कडूपणा लपतो आणि धोक्याची एकुलती एक खूण हातची जाते. समितीनंही दुधीचा रस दुसऱ्या रसात मिसळू नका असंच सांगितलं होतं. कडू रस पोटात गेला आणि मळमळू लागलं, तर लिंबू-सरबत पीत बसू नका. आपल्या दापोडीतून पिंपरीचं यशवंतराव चव्हाण रुग्णालय लांब नाही. थेट तिथे जा किंवा जवळचं रुग्णालय गाठा, आणि दुधीचा रस प्यायलो हे पहिल्या वाक्यात सांगा.

आता पालेभाज्या. मुळा आणि पवना दापोडीजवळ एकत्र येतात, आणि इथे पोचेपर्यंत दोन्ही नद्यांनी शहराचं किती सांडपाणी पोटात घेतलेलं असतं ते पुलावरून जाताना नाकाला कळतं. आपल्या हातातली जुडी कोणत्या पाण्यावर वाढली हे विकणाऱ्या मावशींनाही बहुतेक वेळा ठाऊक नसतं. अशा वेळी कच्च्या पाल्याचा हिरवा रस काढून पिणं मला पटत नाही. पालकाचं आणखी एक आहे. त्यात ऑक्झलेट भरपूर असतं. रोज पेलाभर कच्चा पालक प्यायल्यानं मूत्रपिंडाला इजा झालेले रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेले आहेत. मुतखडा होऊन गेलेल्यांनी तर हा नाद सोडावाच. तोच पालक निवडून, तीन-चार पाण्यांतून धुऊन, उकळून, पाणी टाकून दिलं की ऑक्झलेट बरंच उतरतं.

शेपू घ्या. निवडून बारीक चिरायचा, भिजवलेली मूगडाळ, लसणाची फोडणी, हिरवी मिरची, चमचाभर तेल. सोबत ज्वारीची भाकरी, मुळ्याची कोशिंबीर, वाटीभर ताक. यात चोथा आहे, डाळीची प्रथिनं आहेत, आणि तिसऱ्या पाळीला जाणाऱ्याच्या डब्यातही हे टिकतं. ताक तेवढं वेगळ्या बाटलीत. या दिवसांत मेथी, चाकवत, हरभऱ्याचा कोवळा पाला, गाजर, पेरू, आवळा सगळं बाजारात असतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये जी आहारसूत्रं दिली, त्यांत रोज ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं सांगितली आहेत. ४०० ग्रॅम म्हणजे ताटातल्या कोपऱ्यातली चमचाभर भाजी नव्हे. मोड आलेली मटकी, हुलग्याचं कळण, जवसाची चटणी, अंडं खाणाऱ्यांना उकडलेलं अंडं, हे सगळं चालतं. फळ चावून खा. रसात चोथा जातो आणि साखर तेवढी राहते.

काय काढायचं ते थोडक्यात सांगतो. दारू पूर्ण बंद. यकृताला याहून मोठी मदत नाही. कोल्ड्रिंक, फरसाण, बिस्किटं, कँटीनमधला तिसरा-चौथा गोड चहा हेही आठवडाभर नको. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत ठेवायचं असेल तर लोणचं-पापडाकडेही बघावं लागेल.

डिटॉक्स चहाच्या पाकिटांवर मात्र बारीक अक्षरं वाचा. बऱ्याच पाकिटांत सोनामुखी असते. तिनं जुलाब होतात, वजनकाटा किलोभर खाली येतो, पण गेलेलं असतं ते पाणी आणि क्षार. फार दिवस घेतली तर शरीरातलं पोटॅशियम घटतं. दापोडीला औषधी वनस्पतींचा जुना इतिहास आहे. १८२८ मध्ये गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात इथे सरकारी वनस्पती उद्यान उभं राहिलं, आणि १८३८ पासून ते डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्याकडे होतं. सरकारी औषधभांडारासाठी वनौषधी पिकवणं हा त्यांच्या कामाचा भाग होता. तेव्हाही औषधी पाला डॉक्टरच्या हातून, मापानं दिला जाई. आपण तो रोजचा चहा म्हणून का प्यावा?

‘मग उरुळीकांचनला लोक बरे होतात ते कसे?’ असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. गांधीजींनी मार्च १९४६ मध्ये तिथे निसर्गोपचाराचं काम सुरू केलं, मणिभाई देसाईंनी ते आयुष्यभर सांभाळलं, आणि आश्रम आजही चालू आहे. पण तिथे माणूस राहायला जातो. विश्रांती असते, तपासणी असते, रोज विचारपूस करणारा वैद्य असतो. कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये किंवा एसटीच्या कार्यशाळेत आठ तास उभं राहून रसावर दिवस काढणं ही वेगळी गोष्ट आहे. चक्कर येऊन यंत्रावर हात गेला तर त्याची भरपाई कशानंही होत नाही.

कारखान्यातल्या शिशाचा, रंगाच्या वाफांचा त्रासही आहारानं निघून जात नाही. बॅटरी किंवा सोल्डरिंगच्या कामावर असाल आणि पोटदुखी, थकवा, हातापायाला मुंग्या असतील, तर चिंचवडच्या मोहननगरमधल्या कामगार विमा रुग्णालयात दाखवा आणि रक्तातलं शिसं तपासण्याबद्दल विचारा.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवण कमी करून औषध तेवढंच ठेवलं तर साखर धोकादायक उतरू शकते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना नारळपाणी आणि फळांचे रस यांतलं पोटॅशियम हृदयावर बेतू शकतं. गरोदर महिलांनी आणि बाळाला पाजणाऱ्या आयांनी हा आठवडा करूच नये. बाकीच्यांपैकी ज्यांना रोजचं औषध चालू आहे, त्यांनी आठवड्याचा बेत कागदावर लिहून आधी आपल्या डॉक्टरांना दाखवावा, आणि कोणतीही गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नये.

(पुढच्या आठवड्यात : पाळी बदलली की जेवणाची वेळ कशी बदलावी?)