नियम आणि न्याय : एका यंत्रमानवाची गोष्ट

लागोपाठ तीन बैठका बुडवल्या की नाव कमी, असा आमच्या गटाचा नियम. एक सखी ऊसतोडीला गेली, तिच्या तीन बैठका बुडाल्या आणि आम्ही वहीतून तिचं नाव काढलं. नियम पाळला. पण न्याय झाला का? हाच प्रश्न एका यंत्रमानवालाही पडला होता. आज त्याचीच गोष्ट.

आयझॅक असिमॉव्ह हे अमेरिकेतले नावाजलेले विज्ञानकथा लेखक. त्यांची ‘द केव्हज ऑफ स्टील’ ही कादंबरी १९५४ साली पुस्तकरूपाने आली. गोष्ट खुनाच्या तपासाची, पण काळ हजारो वर्षं पुढचा. न्यूयॉर्क शहर पोलादी छपराखाली गेलंय. यंत्रमानव नोकऱ्या घेतात म्हणून लोक चिडलेत. इलायजा बेली हा पोलीस अधिकारीही त्यांतलाच. त्याच्या कचेरीतल्या निरोप्या पोराचं काम यंत्राला दिलेलं. अशात एका शास्त्रज्ञाचा खून होतो आणि बेलीला जोडीदार मिळतो डॅनील. हा यंत्रमानव हुबेहूब माणसासारखा, चेहराही त्या मेलेल्या शास्त्रज्ञाचाच.

असिमॉव्हच्या यंत्रमानवांना तीन नियम असतात. माणसाला इजा होऊ द्यायची नाही, माणसाचं ऐकायचं आणि हे दोन्ही सांभाळून स्वतःला जपायचं. डॅनीलमध्ये याशिवाय न्यायाची ओढ घातलेली असते. बेली विचारतो, न्याय म्हणजे काय? डॅनील म्हणतो, सगळे कायदे पाळले जाणं. कायदाच अन्यायाचा असू शकतो, हे त्याच्या डोक्यात शिरत नाही.

पुढे बेली त्याला बायबलातली एक गोष्ट सांगतो. व्यभिचाराचा आरोप ठेवून एका बाईला लोक दगडांनी मारायला निघतात. येशू म्हणतो, ज्याने पाप केलं नाही त्याने पहिला दगड उचलावा. एकेक करून सगळे निघून जातात. पुन्हा असं करू नकोस, एवढं सांगून येशू तिला सोडतो. डॅनील गोंधळतो. कायद्यात शिक्षा होती, मग दिली का नाही? बेली सांगतो, कायद्याच्या वर दया असते.

शेवटी गुन्हेगार सापडतो. तो बेलीचाच वरिष्ठ. त्याला मोडायचा होता डॅनील. पण घाबरगुंडीत चष्मा पडून फुटला, नीट दिसेना आणि डॅनील समजून त्याने शास्त्रज्ञालाच मारलं. आता डॅनील शिक्षेचा हट्ट धरत नाही. वाईटाचा नाश करण्यापेक्षा त्याचं चांगल्यात रूपांतर करणं जास्त न्यायाचं, असं तो म्हणतो. त्या माणसाला चांगल्या कामाला लागायची वाट देतो आणि येशूने त्या बाईला सांगितलं तेच त्यालाही सांगतो. यंत्राचा राग करणारा बेलीही बदललेला असतो. तो डॅनीलच्या हातात हात घालून बाहेर पडतो.

डॅनीलचे तीन नियम शेवटपर्यंत तेच राहिले. वाढली ती समज. कुणी कळ दाबून ती आली नाही. माणसाबरोबर हिंडून, ऐकून, न कळलेलं विचारून आली.

आमची सखी तोडीवरून परतली तेव्हा तिचं नाव आम्ही पुन्हा लिहिलं. शिवाय ठरवलं, तोडीला गेलेल्या बाईने हप्ता घरच्यांकरवी पाठवला तरी तिची हजेरी धरायची. तुमच्या गटातही पुढच्या बैठकीत नियमांची वही मोठ्याने वाचा. आणि प्रत्येक नियमापाशी थांबून विचारा, याने कोण बाहेर पडतंय?