‘सहा महिने वॉरंटी’, पण कोणाची?

पुण्याच्या धायरी, नऱ्हे, आंबेगाव या पट्ट्यात इंजिनिअरिंगची मुले खोल्या घेऊन राहतात आणि त्यांच्यात प्लेस्टेशन, एक्सबॉक्स हातोहात फिरत असतात. शेवटच्या वर्षाचा मुलगा नोकरीच्या गावी निघाला की कन्सोल विकून मोकळा होतो. कधी तो ज्युनिअरच्या गळ्यात पडतो, कधी शहरातल्या एखाद्या दुकानदाराकडे जातो. दुकानात त्याची धूळ निघते, पंखा साफ होतो, कंट्रोलरची स्टिक बदलली जाते आणि ‘रिफर्बिश्ड, सहा महिने वॉरंटी’ म्हणून तो पुन्हा विक्रीला लागतो.

ते सहा महिने सोनीचे नसतात, मायक्रोसॉफ्टचेही नसतात. नव्या कन्सोलला कंपनी भारतात एक वर्षाची वॉरंटी देते. ती बहुधा पहिल्या मालकाकडेच संपलेली असते. थोडी उरली असली, तरी मूळ बिल आणि खोक्यावरच्या क्रमांकाशी जुळणारा यंत्रावरचा सिरीयल नंबर, दोन्ही हाती हवेत. त्यातून कोणी आधी यंत्र उघडून दुरुस्ती केलेली दिसली, तर सर्व्हिस सेंटरवर वाद ठरलेलाच. निन्टेन्डो स्विच तर आपल्याकडे अधिकृत वितरणाशिवायच आला, त्यामुळे तिथे कंपनीचा आधार पहिल्या दिवसापासूनच नाही. अमेरिकेत निन्टेन्डो आणि मायक्रोसॉफ्ट जुनी यंत्रे स्वतः नीट करून विकतात आणि त्यामागे स्वतः उभ्या राहतात. पण न्यू जर्सीच्या मामाने तिकडून आणलेल्या यंत्राची वॉरंटी विमानातून इकडे येत नाही.

थोडक्यात, रिफर्बिश्डची वॉरंटी म्हणजे दुकानदाराचा शब्द. त्या शब्दाला पैसे पडतात, हे लक्षात घेतले पाहिजे. एक्सबॉक्स ३६० गरम होऊन बंद पडू लागला, पुढच्या पॉवर बटणाभोवती लाल कडे पेटू लागले, तेव्हा २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्या बिघाडापुरती वॉरंटी तीन वर्षांवर नेली आणि त्यासाठी एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढली. नव्या यंत्राच्या किमतीत असली जोखीम आधीच धरलेली असते. जुने स्वस्त मिळते त्यात झिजेचा वाटा असतो, तसाच ही जोखीम आपल्या अंगावर आल्याचाही असतो. म्हणून ‘नव्यापेक्षा इतके हजार वाचले’ हा हिशेब मला नेहमी अर्धा वाटतो.

खरा खेळ बिलाशी होतो. ‘दादा, बिल नको ना? तेवढे कमी करतो. बिल घेतलं तर पूर्ण टॅक्स लागेल.’ हे वाक्य ऐकले नाही असा गिऱ्हाईक विरळा. पण जीएसटीच्या नियम ३२(५) नुसार जुन्या वस्तूंच्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला, खरेदीवर कराची वजावट घेतली नसेल तर, फक्त खरेदी-विक्रीतल्या फरकावर कर भरता येतो. वीस हजाराला घेतलेले यंत्र चोवीस हजाराला विकले, तर कर त्या चार हजारावर. आणि बिल न देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २(४७) प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथाच आहे.

हे कलम जुन्या मालाच्या गिऱ्हाइकाने जरूर वाचावे. वापरलेली किंवा नूतनीकरण केलेली वस्तू नवी म्हणून विकणे त्यात बसते. पुरेशी चाचणी न करता कामगिरीची हमी देणेही बसते, आणि चाचणी केली होती असा बचाव घेतला तर ती सिद्ध करण्याची जबाबदारी दुकानदारावर. सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला बिलातल्या मुदतीत नकार देणे, हेही त्यातच. बिलात मुदतच नसेल तर तीस दिवस धरायचे. गंमत अशी की ‘टेस्टिंग वॉरंटी सात दिवस’ एवढेच लिहिलेले बिल मुकाट्याने घेतले, तर या तरतुदीपुरते आपण तीस दिवसांचे सात करून घेतो. त्यामुळे बिलावर सिरीयल नंबर, ‘रिफर्बिश्ड’ हा शब्द, वॉरंटीचे महिने आणि तिच्यात एचडीएमआय पोर्ट, डिस्क ड्राइव्ह, कंट्रोलर येतात की नाही, हे लिहून घ्यावे. व्हॉट्सअॅपवरचे ‘काय नाय होणार, मी आहे ना’ पुराव्याला उपयोगी पडते, पण दुय्यम म्हणून.

पहिला आठवडा यंत्राला दमवण्याचा. दोन-तीन तास सलग जड गेम चालवून पंख्याचा आवाज ऐकावा. स्वतःची डिस्क घालून पाहावी, कारण सुरुवातीच्या पीएस फाइव्हची ड्राइव्ह त्याच यंत्राच्या मदरबोर्डशी जोडलेली असते, दुसऱ्या यंत्रातली बसवली तर डिस्क वाचत नाही. आपल्या खात्याने ऑनलाइन लॉगिनही करावे. कंपनीने बंदी घातलेला कन्सोल हाती आला, तर तो एरवी धडधाकट दिसतो.

एवढे करूनही वाजलेच, तर विक्रेता दिल्लीच्या पालिका बाजारातला असला तरी धायरीच्या माणसाला दिल्ली गाठावी लागत नाही. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो तिथल्या, म्हणजे पुण्याच्या जिल्हा आयोगात जाता येते. मुदत दोन वर्षे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या होते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करून पाहावा, तिथे मराठीतही बोलता येते.

सिनिअरने ज्युनिअरला विकलेल्या कन्सोलला मात्र यातले जवळजवळ काहीच लागू होत नाही, कारण सिनिअर हा व्यापारी नव्हे. तिथे मूळ बिल मागून घ्यावे आणि उरलेल्या वॉरंटीचे महिने मोजूनच भाव करावा.