टेम्पो दुरुस्तीला देताना व्यापाऱ्यांनी काय पाहावे?

कापड घेताना आपला व्यापारी ताका उलगडून पन्हा मोजतो, पोत चिमटीत धरून पाहतो, कापड उजेडाकडे धरून त्यात दोष तर नाही ना याची खात्री करतो. मीटरमागे चार आण्यांच्या फरकासाठी तासभर बोलणी चालतात. तोच व्यापारी टेम्पो गॅरेजमध्ये सोडताना चावी मिस्त्रीच्या हाती देतो आणि "उस्ताद, जरा बघून घ्या, उद्या माल न्यायचा आहे" एवढे बोलून दुकानाकडे वळतो. काय बघायचे, किती खर्चापर्यंत बघायचे, काढलेले जुने पार्ट कोठे जाणार, यांपैकी काहीच ठरलेले नसते. मग बिल हातात पडले की सगळे मेकॅनिक चोर असतात असा शेरा मारून आपण मोकळे होतो.

हा शेरा न्यायाचा नाही. गॅरेजच्या धंद्यात आपल्याच मोहल्ल्यांतील मुले फार मोठ्या संख्येने आहेत. कुर्ला असो, भिवंडी असो वा मालेगाव, दहा-बारा वर्षांच्या शागिर्दीतून तयार झालेले उस्ताद आजही आहेत आणि इंजिनाचा आवाज ऐकून दोष कोठे आहे ते सांगणारे कारीगर त्यांच्यात आहेत. वाईट मेकॅनिकचेही दोन प्रकार आहेत. एक लबाड, दुसरा बेफिकीर. लबाड माणूस आपले पैसे नेतो. बेफिकीर माणूस पैसे कमी घेईल, कदाचित वागायलाही गोड असेल, पण तो ड्रायव्हरचा जीव धोक्यात घालतो. माझ्या मते व्यापाऱ्याने भीती बाळगावी ती दुसऱ्याची.

बेफिकिरी म्हणजे काय, याची काही उदाहरणे पाहू.

गाडी गरम होते अशी तक्रार केली की काही मिस्त्री थर्मोस्टॅट व्हॉल्व्हच काढून टाकतात. इंजिन ठरावीक उष्णतेला, म्हणजे साधारण ८० ते ९० अंश सेल्सिअसला पोहोचेपर्यंत रेडिएटरकडे जाणारे पाणी अडवून धरणे हे या व्हॉल्व्हचे काम. तो काढला की काटा खाली येतो आणि मालक खूश होतो. पण इंजिन पुरेसे तापत नाही, डिझेल जास्त जळते, आतली झीज वाढते आणि गाडी मुळात का तापत होती ते तसेच राहते. रेडिएटर चोंदला असेल, वॉटर पंप गळत असेल किंवा पंखा नीट फिरत नसेल. कूलंटऐवजी नळाचे पाणी भरणे हाही त्याच जातीचा प्रकार. आतून गंज आणि क्षार धरतात आणि वर्षा-दोन वर्षांत मोठे काम निघते.

दुसरे उदाहरण वायरिंगचे. एखादा फ्यूज वारंवार उडत असेल तर त्या सर्किटमध्ये कोठेतरी तार घासली आहे किंवा जास्त भार पडतो आहे, असा त्याचा अर्थ. बेफिकीर वायरमन मोठ्या अँपिअरचा फ्यूज बसवतो, नाहीतर तांब्याची तार गुंडाळून देतो. आता फ्यूज उडणार नाही, तार तापेल. आम्हा कापडवाल्यांच्या गाडीत मागे गाठी भरलेल्या असतात, तेव्हा या कामाचा शेवट काय होऊ शकतो हे वेगळे सांगायला नको. आमच्याच एका टेम्पोत एका गॅरेजने अशी तार घालून दिली होती. ड्रायव्हरला जळका वास आला आणि त्याने वेळीच बॅटरीची वायर काढली, म्हणून माल वाचला.

तिसरे उदाहरण ब्रेकचे, आणि हे सर्वात महत्त्वाचे. मालेगावहून ग्रे कापड भरून टेम्पो भिवंडीकडे निघाला की कसारा घाट उतरावा लागतो. भरलेल्या गाडीचे ब्रेक उतारावर फार तापतात. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ३ प्रतीचे नवे तेल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा धरलेले तेच तेल १४० अंशांच्या आसपास उकळू शकते. डॉट ४ मध्ये हे आकडे २३० आणि १५५ असे आहेत. तेल उकळले की पाइपात वाफ होते, पेडल खाली जाते आणि गाडी थांबत नाही. म्हणून ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी पूर्ण बदलावे आणि हवा नीट काढावी. ब्लीडिंग करताना निघालेले तेल डबीत गोळा करून पुन्हा टाकीत ओतणारा मेकॅनिक दिसला तर तेथून गाडी काढून घ्यावी. चाकाचे नटही तसेच. चाक खोलल्यानंतर नट एकमेकांसमोरच्या क्रमाने आवळावे लागतात आणि थोडी गाडी चालवून पुन्हा तपासावे लागतात. चांगले उस्ताद हे न सांगता करतात.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या आणि गॅरेजच्या धंद्यात मोठा फरक पडला. आता सेन्सर आणि कॉम्प्युटर इंजिन चालवतात. डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागला की स्कॅनर लावून कोड काढतात. येथे एक गोष्ट समजून घ्यावी. कोड हा खराब पार्टचे नाव सांगत नाही, कोठे गडबड जाणवते आहे तेवढे सांगतो. एखाद्या सेन्सरचा कोड आला तर सेन्सर खराब असेल, त्याची तार तुटली असेल, किंवा सेन्सर अगदी बरोबर सांगत असेल आणि दोष दुसरीकडे असेल. कोड पाहून लगेच महागडा पार्ट मागवणारा आणि मीटर लावून आधी तार तपासणारा, यांतला कोण निवडायचा हे आता लक्षात येईल. धूर गाळणारा फिल्टर चोंदला म्हणून तो कापून पोकळ पाइप बसवून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नये. ते बेकायदेशीर आहे आणि गाडीचा कॉम्प्युटर त्यामुळे आणखी बिघडतो.

मग भरवशाचा माणूस कसा शोधावा? स्पेअर पार्टच्या दुकानदाराला विचारू नका, त्याचे संबंध गुंतलेले असतात. टेम्पो स्टँडवरच्या ड्रायव्हरांना विचारा, आणि त्यातही ज्याची गाडी जुनी असून रोज धावते त्याला. दोन-तीन नावे पुन्हा पुन्हा कानावर आली की स्वतः जाऊन अर्धा तास उभे राहा. खोललेले नट-बोल्ट डब्यात ठेवले आहेत की मातीत पडले आहेत? इंजिन खोलून ठेवले आहे तर त्याची तोंडे कापडाने बंद केली आहेत का? शागिर्दाने केलेले काम उस्ताद स्वतः तपासतो का, की चहाच्या टपरीवरून हाक मारतो? आपण दोष सांगितल्यावर तो चार प्रश्न विचारतो का, म्हणजे थंड असताना होते की गरम झाल्यावर, रिकाम्या गाडीत की भरलेल्या? जो काही न विचारता, बोनेट न उघडता "इंजिन खोलावे लागेल" म्हणतो त्याला सलाम करून पुढे जावे. सुरुवातीला ऑइल, फिल्टर, ब्रेक लायनर असे छोटे काम द्यावे. एकच मिस्त्री सर्व कामांत तरबेज नसतो. डिझेल पंप-नोझल, वायरिंग, रेडिएटर, कमानपाटे या प्रत्येकाचे वेगळे कारीगर आहेत. "हे काम माझे नाही, अमुक एकाकडे जा" असे म्हणणारा मिस्त्री मिळाला तर त्याला सोडू नका.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचे काय, असे विचारले जाते. वॉरंटी असेपर्यंत तेथेच जावे, नाहीतर पुढे क्लेमच्या वेळी अडचण येते. नंतर मात्र हिशेब पाहावा. तेथे काम कागदावर होते हे चांगले, परंतु छोटा पार्ट दुरुस्त करण्याऐवजी पूर्ण असेंब्ली बदलण्याकडे त्यांचा कल असतो.

गाडी देताना एक चिठ्ठी करावी. तारीख, किलोमीटरचा आकडा, डिझेल किती आहे, तक्रार काय, अंदाजे खर्च किती, गाडी कधी मिळेल. अंदाजापेक्षा जास्त खर्च निघाला तर आधी फोन करायचा आणि काढलेले जुने पार्ट पिशवीत घालून परत द्यायचे, हेही लिहावे. हल्ली मोबाइलवर फोटो काढणे आणि चिठ्ठी व्हॉट्सॲपवर पाठवणे सोपे आहे. ओळखीच्या उस्तादाशी असे लिहून घेणे काहींना अपमानाचे वाटते. उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा असा हुकूम कुरआनच्या सूरह बकरामध्ये आहे आणि तो एकमेकांवर ईमान राखणाऱ्यांनाच उद्देशून आहे, हे त्यांनी आठवावे. मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात म्हणून पुष्कळ जण गुरुवारी संध्याकाळी गाडी टाकतात आणि शनिवारी सकाळी मागतात. त्या घाईत एकाच रात्री पाच गाड्या निघतात. मोठे काम असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी द्यावे.

पार्टवरच्या कमिशनची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. दुकानदार मेकॅनिकला टक्का देतो, म्हणून गरज नसलेला पार्ट बदलला जातो किंवा नकली माल अस्सलच्या भावात लागतो. यावर उपाय म्हणून काही जण पार्ट स्वतः आणतात. ते ठीक आहे, परंतु मजुरीत आपण कमालीची घासाघीस करतो आणि मग तो कोठून कमावणार याचा विचार करत नाही. आपल्या धंद्यातही जॉबचा भाव फार पाडला की कापडात पिक कमी पडतात. पार्टचे बिल छापील किमतीनुसार थेट दुकानदाराला द्यावे आणि मजुरी पुरेशी व रोख द्यावी, म्हणजे त्याला टक्क्याची गरज उरत नाही. मजुराचा घाम सुकण्यापूर्वी मजुरी देण्याची ताकीद हदीसमध्ये आहे. महिनोन्‌महिने उधारी ठेवणाऱ्या शेठची गाडी कोपऱ्यात पडून राहते, यात नवल नाही.

काम बिघडले तर जबाबदारी कोणाची? फिकहमध्ये मजुरी घेणाऱ्याचे दोन वर्ग केले आहेत. अजीर-ए-खास म्हणजे ज्याचा वेळ आपण घेतला आहे असा नोकर. अजीर-ए-मुश्तरक म्हणजे सर्वांची कामे घेणारा कारीगर, जसा रंगारी, शिंपी, धोबी. मेकॅनिक या दुसऱ्या वर्गात येतो. धोब्याच्या आपटण्याने कपडा फाटला तर भरपाई त्याच्यावर, असे हनफी किताबांत स्पष्ट आहे. त्याच्या हातून नव्हे तर इतर कारणाने वस्तू नष्ट झाली तर मात्र इमाम अबू हनीफा (रह.) आणि त्यांचे दोन शागिर्द इमाम अबू यूसुफ व इमाम मुहम्मद (रह.) यांच्यात मतभेद आहे. उस्मानी सल्तनतीत १८७६ मध्ये पूर्ण झालेल्या मजल्ला या संहितेतही, कारीगराच्या कामातून झालेले नुकसान कारीगराने भरावे असे कलम आहे. पगारी नोकर मात्र अमीन मानला जातो. त्याने हद्द ओलांडली नसेल, हयगय केली नसेल, तर त्याच्यावर भरपाई नाही. आपल्याकडे उलटे चालते. मिस्त्रीने ब्रेक नीट बसवला नाही, गाडी ठोकली, आणि शेठ ड्रायव्हरच्या पगारातून पैसे कापतो. असे कापणाऱ्यांनी एखाद्या मुफ्तीसाहेबांना जरूर विचारावे.

देशाचा कायदाही फार वेगळा नाही. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे दुरुस्तीसाठी सोपवलेली गाडी ही एक प्रकारे अमानत आहे. कलम १५१ नुसार गॅरेजवाल्याने शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तितकी काळजी घ्यायला हवी. दुसरीकडे कलम १७० नुसार ठरलेली मजुरी मिळेपर्यंत गाडी रोखून ठेवण्याचा त्याला हक्क आहे. म्हणून बिलावर वाद असेल तर बळजबरीने गाडी नेण्याचा प्रयत्न करू नये. लेखी हरकत नोंदवून पैसे भरावेत आणि मग भांडावे.

२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात व्यापारी कारणासाठी सेवा घेणारा ग्राहक ठरत नाही, मात्र स्वयंरोजगारातून पोट भरणाऱ्यासाठी अपवाद ठेवला आहे. घरची कार असेल किंवा एकच टेम्पो स्वतः चालवून कुटुंब पोसत असाल तर जिल्हा आयोगात जाता येते. दहा गाड्यांच्या मालकाला दिवाणी न्यायालयाचा रस्ता धरावा लागेल. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. आपण राहतो वा धंदा करतो त्या जिल्ह्यातही ती करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी फी नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहावा.

जीएसटी नोंदणी असलेल्यांसाठी एक फायद्याची गोष्ट. मालवाहू गाडीच्या दुरुस्तीवर भरलेल्या जीएसटीचे क्रेडिट मिळते. माणसे नेणाऱ्या छोट्या कारवर सहसा मिळत नाही, आणि कंपोझिशनमध्ये असलेल्यांना कोणतेच मिळत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून सर्व ऑटो पार्टवर १८ टक्के हा एकच दर झाला आहे, त्यामुळे जुना २८ टक्क्यांचा दर लावलेले बिल आले तर दुरुस्त करून घ्यावे. कच्च्या बिलावर क्रेडिट नाही आणि पुरावाही नाही.

बिघडवलेली गाडी घेऊन लोक रागाने थेट दुसऱ्या मेकॅनिककडे जातात आणि तो ती खोलून टाकतो. तेथेच केस संपते, कारण पहिल्याने काय केले होते हे दाखवायला काही उरत नाही. खोलण्यापूर्वी फोटो काढावेत, पहिल्या गॅरेजला लेखी कळवून सात-आठ दिवसांची मुदत द्यावी, आणि दुसऱ्या मेकॅनिककडून किंवा सर्व्हेअरकडून दोष काय आहे ते सहीनिशी लिहून घ्यावे. त्यानंतरच पाना लावू द्यावा.