माहेरच्या सुरांचं सासर

आयरिश लोकसंगीताचा सर्वांत वजनदार संग्रह १९०३ साली निघाला, तो डब्लिनमध्ये नव्हे, शिकागोत. तो सिद्ध करणारा माणूस कुणी संगीतपंडित नव्हता. त्या शहराचा पोलीसप्रमुख होता. फ्रान्सिस ओ'नील १८४८ साली काउंटी कॉर्कमध्ये बँट्रीजवळच्या खेड्यात जन्मला, मिसरूड फुटायच्या वयात जहाजावर चढला, जग पालथं घालून १८७३ मध्ये शिकागोच्या पोलीस दलात लागला आणि १९०१ मध्ये त्याच दलाचा प्रमुख झाला. कान तल्लख, पण स्वरलिपी लिहिण्यात कच्चा. तेव्हा ऐकलेली चाल डोक्यात साठवायची, जेम्स ओ'नील नावाच्या दलातल्याच फिडलवादकाला ती ऐकवायची आणि त्यानं ती कागदावर उतरवायची, असा हा उद्योग वर्षानुवर्षं चालला. पुस्तकात १,८५० चाली आल्या. पुढे १९०७ साली निव्वळ नृत्याच्या १,००१ चालींचं दुसरं पुस्तक निघालं. वादकमंडळी त्याला नुसतं 'द बुक' म्हणू लागली. चांगले वाजवणारे हाताशी राहावेत म्हणून साहेबांनी कित्येकांना पोलिसात चिकटवून घेतलं, असंही सांगतात. शिकागोतल्या चोरांचं त्या काळात कसं काय चाललं होतं, हा वेगळा विषय.

ही हकिकत सहसा 'दूर जाऊनही मातीशी इमान राखलं' अशा थाटात सांगितली जाते. ती तेवढ्यावर संपत नाही. परमुलखानं हे संगीत नुसतं जपलं नाही; आज आपण ज्याला अस्सल आयरिश म्हणतो त्याचा बराचसा आकार परमुलखातच घडला, असं पुरावे पाहता म्हणावं लागतं. १८४५ पासून बटाट्यावर रोग पडला. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं मेली आणि तितकीच किंवा त्याहून जास्त देश सोडून गेली. ८० लाखांच्या वर असलेली लोकसंख्या १८५१ पर्यंत ६५ लाखांवर आली आणि गळती नंतरही थांबली नाही. जाणाऱ्यासाठी आदल्या रात्री गाव जमायचं, मयताला जागवतात तशी रात्र जागवायचं, रडायचं आणि नाचायचंही. या रात्रीला 'अमेरिकन वेक' असंच नाव होतं. पण पलीकडच्या किनाऱ्यावर जे घडलं ते गावात घडणं शक्यच नव्हतं. केरीचा फिडलवादक आणि डोनेगलचा पाइपवादक आपापल्या गावी राहिले असते, तर जन्मात एकमेकांना भेटले नसते. शिकागोत ते शेजारी झाले. ओ'नीलला बत्तीस परगण्यांचं संगीत एका शहरात वेचता आलं, ते त्यामुळे. गावात जे क्लेअरचं किंवा स्लायगोचं होतं, ते इथे, इटालियन आणि पोलिश वस्त्यांच्या शेजारात, 'आयरिश' झालं.

दुसरा पुरावा तबकड्यांचा. मायकल कोलमन १८९१ साली काउंटी स्लायगोत जन्मला आणि १९१४ मध्ये अमेरिकेला गेला. स्थलांतरित माणूस आपल्या भाषेचं, आपल्या गावचं गाणं पैसे मोजून विकत घेतो, हे अमेरिकन कंपन्यांना तेव्हा उमगू लागलं होतं. १९२१ ते १९३६ या काळात कोलमननं न्यूयॉर्कमध्ये फिडलच्या तबकड्या भरल्या. नातलगांनी धाडलेल्या पार्सलांतून त्या आयर्लंडच्या खेड्यापाड्यांत पोचल्या आणि घराघरांतले वादक त्या बरहुकूम घोटू लागले. १९३४ साली त्यानं तीन रील, म्हणजे नाचाच्या चाली, एका दमात वाजवल्या, पहिली 'टार्बोल्टन'. त्या तिघी एकत्र याव्यात असा काही शास्त्रार्थ नव्हता, एका वादकाची ती निवड होती. आज मात्र कोणत्याही बैठकीत पहिली सुरू झाली की पुढच्या दोन त्याच क्रमानं येतात. न्यूयॉर्कच्या स्टुडिओतला हा क्रम आता परंपरा म्हणून शिकवला जातो.

यावर जाणकारांचा जुना आक्षेप आहे, आणि तो खोटा नाही. कोलमनच्या झपाटेदार स्लायगो ढंगापुढे बाकीचे प्रांतिक बाज फिके वाटू लागले. आपल्या आजोबांचं वाजवणं गावंढळ म्हणून पोरांनी सोडून दिलं. हे नुकसान झालं. पण यातून एवढंच ठरतं की परदेशाचा प्रभाव खोलवर गेला. तो घातक होता असं वाटणाऱ्यालाही तो मान्य करावाच लागतो. शिवाय त्या काळात मायदेशी काय चाललं होतं? घरोघरच्या नाचांवर पाद्रीलोकांचा रोष होता आणि १९३५ च्या कायद्यानं सार्वजनिक नाचाला परवाना लागू केला. याचा फटका घरगुती नाचांनाही बसला, आणि स्वयंपाकघरातल्या चुलीपुढे चालणारी मैफल अनेक ठिकाणी बंद पडली.

ती पुन्हा उभी राहिली, तेव्हा तिचं रूप पालटलं होतं. आज पर्यटक डब्लिनला किंवा गॉलवेला जातो तो पबमधलं 'सेशन' ऐकायला: कोपऱ्यात गोल करून बसलेले वादक, मधे ग्लास, मंच नाही, तिकीट नाही. हे दृश्य पुरातन वाटतं. प्रत्यक्षात पबमधल्या सेशनची घडण दुसऱ्या महायुद्धानंतरच्या लंडनमध्ये झाली, असं बरेच अभ्यासक मानतात. पडक्या शहराच्या बांधकामावर राबणारे आयरिश मजूर कॅम्डन टाउन, केंटिश टाउनकडे भाड्याच्या खोल्यांत राहत. तिथे चार माणसं बसवायला जागा नाही आणि घरमालकिणीला आवाज खपत नाही. उरला पब. खोलीची अडचण संगीताचा प्रकार ठरवून गेली.

वाद्यांबद्दल फार बोलायला नको. कॉन्सर्टिना इंग्लंडची, बँजो आफ्रिकेतून अमेरिकेमार्गे आलेला, आणि १९६० च्या दशकात या संगीतात शिरलेली बुझूकी चक्क ग्रीसची. 'रिव्हरडान्स'चं उदाहरणही ओळखीचं आहे: ३० एप्रिल १९९४ ला डब्लिनच्या युरोव्हिजन स्पर्धेच्या मध्यंतरात ते सात मिनिटं सादर झालं आणि आयरिश नृत्याला जगभर मागणी आली. त्यातला नायक मायकल फ्लॅटली शिकागोचा, नायिका जीन बटलर न्यूयॉर्ककडची.

मग कुणी विचारेल, दुरून दिसणारा देश खराच असतो कशावरून? या शंकेला बळ देणारा साक्षीदार आपल्याकडचाच आहे. रवींद्रनाथांनी तरुणपणी आयरिश कवी टॉमस मूरच्या 'आयरिश मेलडीज' वाचलेल्या ऐकल्या होत्या. पुस्तकातल्या वीणेच्या चित्रावरून त्यांनी मनात एक जुनं आयर्लंड रचलं. इंग्लंडला गेल्यावर ती गाणी प्रत्यक्ष कानावर पडली आणि मनातली वीणा काही त्यांच्याशी जुळेना, हे त्यांनी आठवणींत मोकळेपणानं सांगितलं आहे. तरी १८८१ च्या 'वाल्मीकिप्रतिभा'त वनदेवींच्या विलापाला त्यांनी एक आयरिश चाल दिलीच. पण मूरचं आयर्लंड हे दिवाणखान्यातल्या पियानोपुढचं, आणि तो स्वतःही आयुष्याचा मोठा भाग इंग्लंडात राहिला. ओ'नीलच्या शिकागोतले वादक स्वप्न पाहत नव्हते. चाल त्यांच्या बोटांत होती. स्मरणरंजन आणि हातातलं कसब यांत फरक करायलाच हवा, नाहीतर देशांतराच्या प्रत्येक गाण्याला आपण खोटं ठरवू.

खरी अडचण वेगळीच आहे, ती शब्दांची. रील किंवा जिग बोटांवर बसून समुद्र ओलांडते. आयरिश भाषेतलं 'शॉन-नोस' गायन, साथीविना, एकट्या कंठाचं, भाषा समजणारा श्रोता मागतं, आणि तो परमुलखात मिळत नाही. तिथे माझा सिद्धान्त लंगडा पडतो. कॉनेमाराच्या कार्ना भागातला जो हीनी हा या गायकीचा थोर गायक. न्यूयॉर्कमध्ये त्याला पोटासाठी एका इमारतीचा दारवान व्हावं लागलं. पुढे अमेरिकन विद्यापीठांनी त्याला शिकवायला बोलावलं, १९८२ साली त्या देशाचा लोककलेतला सर्वोच्च सन्मानही मिळाला, आणि १९८४ मध्ये तो सिएटलला वारला. सन्मान मिळाला, पण त्याची भाषा बोलणारं गाव काही तिथे उभं राहिलं नाही.

'केल्टिक' या मोठ्या छत्रीखाली पाहिलं तर चित्र आणखी गुंतागुंतीचं होतं. वेल्श, ब्रेटन, गेलिक या भाषा एका कुळातल्या, हे एडवर्ड लूइडनं १७०७ मध्ये दाखवलं. संगीताला तो शिक्का बराच नंतर बाजारानं आणि महोत्सवांनी मारला. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातून हुसकावलेली गेलिकभाषक कुटुंबं कॅनडाच्या केप ब्रेटन बेटावर वसली आणि त्यांचं फिडल तिथे टिकलं. १९७१ मध्ये कॅनडाच्या सरकारी वाहिनीनं तिथला फिडलवादक नामशेष होतो आहे असा माहितीपट काढला. बेटकरांना ते इतकं झोंबलं की दोनच वर्षांत ग्लेनडेल गावी त्यांनी वादकांचा मोठा मेळा भरवला. १९९६ पासून उलटा प्रवास सुरू आहे. स्कॉटलंडच्या साउथ उइस्ट बेटावर 'केओलस' नावाची उन्हाळी शाळा भरते, आणि केप ब्रेटनचे शिक्षक तिथल्या मुलांना पायठेक्याचं नृत्य शिकवतात. हे नृत्य मुळात या शिक्षकांच्याच पणजोबांनी स्कॉटलंडहून नेलं होतं, की कॅनडात ते नव्यानं घडलं, यावर अभ्यासक अजून भांडताहेत. मुलं तोवर नाचताहेत.