तीन तिघाडा, काम बिघाडा?

तिघे जण मिळून कामाला निघाले की घरातले कोणीतरी वडीलधारे हटकतेच, "तीन तिघाडा, काम बिघाडा!" ताटात तीन पोळ्या वाढायच्या नाहीत, असेही पुष्कळ घरांत पाळतात. तीन या अंकाने असे काय बिघडवले आहे? आपण तपासूनच पाहू या.

रानात स्वयंपाक करायचा झाला तर आपण चुलीला तीन दगड मांडतो. जमीन उंचसखल असली तरी भांडे डुगडुगत नाही. असे का बरे? एका रेषेत नसलेल्या कोणत्याही तीन बिंदूंतून एक आणि एकच प्रतल जाते. चौथा बिंदू त्या प्रतलात असेलच असे नाही. म्हणून चार पायांच्या टेबलाखाली कागदाची घडी सारावी लागते. तिवईला ती कधीच लागत नाही. प्रयोगशाळेतल्या स्फेरोमीटरला तीन पाय असतात ते याच कारणाने.

मग सगळी टेबले तीन पायांची का करत नाहीत? 10 सेंमी त्रिज्येचे वर्तुळ काढा. त्यात एक समभुज त्रिकोण व एक चौरस असे बसवा की त्यांचे कोपरे वर्तुळावर येतील. मध्यापासून त्रिकोणाची बाजू 5 सेंमीवर, तर चौरसाची सुमारे 7 सेंमीवर येते. गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा पायांमधल्या या आकृतीबाहेर गेला की वस्तू कलंडते. म्हणजे तिवई डुगडुगत नाही, पण कडेला भार पडला तर लवकर कलंडते.

आता दुसरी म्हण घ्या : 'पळसाला पाने तीनच'. कुठेही गेले तरी परिस्थिती तीच, हा तिचा अर्थ. आपल्या गोंदिया जिल्ह्यात पळस मुबलक आहे, तेव्हा जवळ जाऊन पाहा. पान फांदीला जुळते तेथे बेचक्यात एक बारीक कळी असते. तीन 'पानां'पैकी एकाच्याही बुडाशी ती नसते. तिघांच्या सामाईक देठाच्या बुडाशी असते. म्हणजे ही तीन पाने नव्हेत, एकाच संयुक्त पानाच्या तीन पर्णिका आहेत. बेलाचेही तसेच.

वर आलेल्या 'त्रिज्या' या शब्दातही तीन दडलेले आहेत. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. आपल्या जुन्या ज्योतिर्विदांनी कोनाच्या अर्ध्या जीवेला हेच नाव दिले. एक राशी 30 अंशांची, तीन राशी 90 अंशांच्या. आणि 90 अंशांची ज्या वर्तुळाच्या मध्यापासून परिघापर्यंतच्या अंतराएवढी भरते. तीन राशींची ज्या, ती त्रिज्या!

तेव्हा पुढच्या वेळी कोणी "तीन तिघाडा" म्हणाले तर वाद घालू नका. त्यांना चुलीचे तीन दगड दाखवा आणि त्यांवर चौथा दगड मांडून भांडे स्थिर ठेवून दाखवायला सांगा.